नवा टॅब कोरा उघडावा की आधीची मांडणी घेऊन?

अनुवादिका, सहकारनगर

मी तांत्रिक पुस्तिकांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि हे सगळे काम ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या एडिटरमध्ये चालते. डावीकडच्या विंडोत, म्हणजे पडद्याच्या डाव्या कप्प्यात, मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद आणि खाली दहा-बारा ओळींच्या पट्टीत परिभाषासूची, अशी माझी मांडणी ठरलेली आहे. २०२० साली आलेल्या २७.१ या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये टॅबची पट्टी मिळते आणि तिथला टॅब म्हणजे एक फाईल नसून विंडोंची अख्खी मांडणी असते. काहीही न बदलता नवा टॅब उघडला, तर त्यात एकच विंडो येते आणि आपण ज्या फाईलमध्ये होतो तीच फाईल तिच्यात दिसते. आमच्या गटाची सेटिंगची फाईल मात्र सामाईक आहे, आणि नव्या टॅबमध्ये तिन्ही विंडो जशाच्या तशा उतराव्यात अशी सोय तिच्यात कोणीतरी करून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात पंपाच्या पुस्तिकेवर बसले असताना व्हॉल्व्हच्या पुस्तिकेच्या दुरुस्त्या आल्या. मी नवा टॅब उघडला, डाव्या विंडोत व्हॉल्व्हचा मूळ मजकूर आणला आणि नेहमीच्या सवयीने उजवीकडे लिहायला लागले. उजवीकडे पंपाचाच अनुवाद उघडा होता. दोन्हींत दाब, प्रवाह, गळती हेच शब्द असल्यामुळे चाळीसेक ओळी लिहून होईपर्यंत ते ध्यानातच आले नाही. ओळखीच्या जागी ओळखीची विंडो दिसली की डोळा तपासत नाही. म्हणून माझे ठाम मत असे, की नवा टॅब म्हणजे नवे काम आणि ते एकाच विंडोने सुरू व्हावे.

प्रोग्रामर, हिंजवडी

ताई, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. माझ्याकडे डावीकडे कोड, उजवीकडे त्याच्या चाचण्या आणि खाली टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवण्याची विंडो, असते. दिवसाकाठी चार-पाच वेगवेगळ्या दुरुस्त्या हाती येतात आणि प्रत्येकीला हीच मांडणी लागते. कोरा टॅब मिळाला तर दर वेळी दोनदा विंडो फोडायची, टर्मिनलची उंची कमी करायची आणि मग कामाला लागायचे. ज्याचे काम साच्याचे आहे त्याला साचा तयार मिळायला हवा.

शिवाय कोरा टॅब फार वेळ कोरा राहतही नाही. मदतीचे पान उघडले किंवा कोड कंपाइल केला, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात बदलून घेतला, की ईमॅक्स आपणहून दुसरी विंडो काढतो. साधारण उंचीच्या पडद्यावर मूळ विंडो १६० अक्षरे किंवा अधिक रुंद असेल तर नवी शेजारी निघते, नाही तर खाली. त्यामुळे ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर एक मांडणी तयार होते आणि घरी लॅपटॉपवर दुसरी. तुम्ही मांडणी ठरवली नाही तर एडिटर ठरवतो. त्यापेक्षा माझी मांडणीच पुढे आलेली बरी.

अध्यापक, शिवाजीनगर

या वादात ‘टॅब’ या शब्दामुळे पुष्कळ गोंधळ होतो, म्हणून थोडे लिहितो. मी विद्यार्थ्यांना व्हिम हा ईमॅक्ससारखाच दुसरा एडिटर शिकवतो. ब्राउझरच्या सवयीमुळे त्यांना टॅब म्हणजे फाईल वाटते, आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये ते बरोबरही आहे. तिथे पडद्याची विभागणी गटांची असते; नवी फाईल चालू गटात एक टॅब होऊन बसते आणि मांडणीला धक्का लागत नाही. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

व्हिममध्ये फाईलचा मजकूर बफरमध्ये असतो, विंडो हा त्याच्याकडे पाहण्याचा झरोका असतो आणि टॅब म्हणजे अशा झरोक्यांचा संच. २००६ मध्ये ७.० आवृत्तीत टॅब आले तेव्हापासून नवा टॅब एकाच विंडोने सुरू होतो. मला त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते ती कळफलकावरची एक आज्ञा: कंट्रोल-डब्ल्यू आणि त्यानंतर मोठा टी. चार विंडोंच्या गर्दीतून आपण ज्या विंडोत आहोत ती उचलून ही आज्ञा स्वतंत्र टॅबमध्ये नेते, आणि बाकीच्या तीन जुन्या टॅबमध्ये तशाच राहतात. एखादा भाग शांतपणे वाचायचा असतो तेव्हा याहून चांगली सोय मला तरी ठाऊक नाही. माझे मत त्यामुळे ताईंच्या बाजूला झुकते.

अनुवादिका, सहकारनगर

सरांनी ‘वाचायचा’ हा शब्द वापरला तो अगदी नेमका आहे. मुद्रितशोधन करताना मला देवनागरी मोठ्या टंकात लागते, कारण अनुस्वार आहे की नाही, ‘ष’ आहे की ‘प’, हे बारीक अक्षरात हुलकावणी देते. चौदा इंची लॅपटॉपवर तीन विंडो उतरल्या की त्या आकारात एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात आणि वाक्य चार ओळींवर तुटते. अशा वेळी तयार मांडणी मला आधी मोडावी लागते.

हिंजवडीच्या दादांना सांगायचे, की तुमची गरज मला मान्य आहे; मात्र तिच्यासाठी ईमॅक्समध्ये टॅबची नक्कल काढण्याची वेगळी आज्ञा आधीपासूनच आहे. नक्कल हवी असेल तर ती मागून घ्यावी. ‘नवा’ म्हटल्यावर जुने हाती येऊ नये.

प्रोग्रामर, हिंजवडी

ती आज्ञा मी वापरतो आणि ती पुरेशी आहे, हे मान्य करतो. तरी एक गोष्ट मांडणीच्या बाजूने नोंदवावीशी वाटते. प्रत्येक विंडो फाईलमधली आपली जागा स्वतंत्र सांभाळते, त्यामुळे नक्कल केलेल्या टॅबमध्ये मी त्याच फाईलच्या सहाशेव्या ओळीवर असतो आणि पहिल्या टॅबमध्ये वरच्या व्याख्यांवर. लांबलचक फाईलमध्ये हे सुख मोठे आहे. आणि तुमची चूक होण्याचे आणखी एक कारण मला दिसते. ईमॅक्स टॅबला आपणहून जे नाव देतो ते निवडलेल्या विंडोतल्या फाईलचे असते. तुम्ही उजवीकडे लिहीत होतात, म्हणजे दोन्ही टॅबवर पंपाचेच नाव असणार. टॅबचे नाव हाताने बदलता येते. मी तिथे दुरुस्तीचा क्रमांक घालतो.

अनुवादिका, सहकारनगर

आत्ताच करून पाहिले. दोन्ही टॅबवर खरोखरच पंपाचे नाव होते आणि माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. यापुढे टॅब उघडला की आधी पुस्तिकेचे नाव देईन. सामाईक फाईलमधली ती ओळ मात्र काढावी, असे मी उद्या गटात सांगणार आहे. ज्याला नक्कल हवी त्याने ती ओळ स्वतःच्या फाईलमध्ये ठेवावी.