गिटारवर क्यूबन सोन वाजवताना सम कुठे धरायची?

इंदिरानगरचा_तबलजी: तबला लहानपणापासून, गिटार अलीकडची. क्यूबाच्या सोन संगीतातलं त्रेस (गिटारसारखं तंतुवाद्य) ऐकलं आणि तेच वाजवावंसं वाटू लागलं. नाशकात त्रेस मिळेना, म्हणून गिटारवरच धडपड चालू आहे. क्लावेची (सोनचा पाच ठोक्यांचा मूळ ठेका) टाळी बिनचूक जमते, पण गिटार हातात घेतली की बोटं आपोआप समेवर जोर देतात आणि क्लावे निसटते. काय करू?

पंचवटीकर: मेट्रोनोम लावून सावकाश वाजवा.

गोदाकाठ: नुसत्या मेट्रोनोमने हे सुटणार नाही. तुम्हाला त्रिताल येतो, तर 16 मात्रांतच मोजा. 3-2 क्लावेचे (आधी तीन ठोके, मग दोन) ठोके 1, 4, 7, 11, 13 वर. आता जाड तारेवर अंगठ्याने फक्त 4, 7, 12, 15 वाजवा. पहिली मात्रा रिकामी! पाय तिथे खुशाल पडू दे, बोटं गप्प. 4 आणि 7 ला अंगठा आणि क्लावे एकत्र येतात, तिथे पकड बसते. 7 आणि 15 वर तर पुढच्या कॉर्डचा सूर आधीच वाजतो. आपल्याला समेवर येऊन सुटायची सवय. इथे समेच्या अलीकडेच उतरायचं. मला सोनची सगळी गोडी तिथेच वाटते.

त्रेससाठी अडू नका. त्याच्या तारांच्या तीन जोड्या असतात, जी-सी-ई. गिटारची बीची तार अर्धा स्वर चढवून सीवर आणा, की वरच्या तीन तारा त्याच सुरांत. पिकने एकेक सूर सुटा वाजवा, कॉर्ड खरडू नका. ऐकायला सेक्स्तेतो आबानेरो या सोन वाजवणाऱ्या ताफ्याचं 1920च्या दशकातलं वादन घ्या. त्रेसवादक आर्सेनिओ रोद्रिगेस माझा सर्वांत आवडता, पण 1940च्या दशकातल्या त्याच्या ताफ्यात ट्रम्पेट, पियानो, कोंगा सगळं आहे. नवख्या कानाला त्रेस वेगळं काढता येत नाही.

सातपूरवाला: क्यूबातल्या ग्वांतानामोचं चांग्वी संगीतही ऐका, त्रेस तिथे राजा आहे. फक्त त्यात क्लावे वाजवत नाहीत, म्हणून ते नंतर.

इंदिरानगरचा_तबलजी: आमच्या ढोल पथकात टोल वाजवणारा मित्र आहे, त्यालाच क्लावे द्यायला बसवतो. आणि 2-3 असेल तर?

गोदाकाठ: टोलवाला उत्तम, त्याचा हात हलत नाही. 2-3 म्हणजे 3, 5, 9, 12, 15. अंगठा होता तिथेच. आता जुळणी 12 आणि 15 ला. कुठली बाजू आधी हे गाण्याच्या चालीवरून ठरतं, आणि एकदा ठरली की मित्राने मध्येच उलटवायची नाही.