पॉलिशच्या स्प्रे गनसाठी कॉम्प्रेसर कोणता घेऊ? (सिंगल फेज, सेलू)

सेलूचा_सुतार
नमस्कार मंडळी. घरामागं पत्र्याचं शेड आहे, १२ बाय १५ फुटांचं. दारं, दिवाण, कपाटं करतो. पॉलिश आजवर हातानंच मारायचो, पण आता गिऱ्हाईक मेलामाइन अन् पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागायलेत, म्हणून स्प्रे गन घ्यायची आहे. सोबत ब्रॅड नेलर (हवेवर बारीक खिळे ठोकणारी गन) चालावी, ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरता यावी. लाइट सिंगल फेजच, अन् रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. दुकानदार म्हणतो, २ एचपी, ५० लिटरची डायरेक्ट मशीन (पंप थेट मोटरवर, बेल्ट नाही) घ्या, सगळं होतं. दुसरीकडं जुनी बेल्टवाली मशीन १०० लिटरच्या टाकीसकट स्वस्तात मिळायलीय. कोणती घेऊ?

नांदेड_वर्कशॉप
५० लिटरची घ्या डोळे झाकून. माझ्याकडं तीच आहे. टायर, नेलर, सगळं निघतं.

वाळूज_मेंटेनन्स
नांदेडकर भाऊ, टायर अन् नेलरपुरतं तुमचं बरोबर आहे. नेलर एका ठोक्याला थोडीशी हवा घेते अन् थांबते. गन तशी थांबत नाही, ट्रिगर दाबलेला असेपर्यंत ओढतच राहते.

माझी सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये झाली, हवेच्या लाइनी हेच काम. दादा, एचपी अन् लिटर जरा बाजूला ठेवा. आधी गन ठरवा अन् तिच्या कागदावर हवा किती लागते ते बघा, सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट) लिहिलेलं असतं. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. कमी हवेवर चालणारी ग्रॅव्हिटी गन (वर कप असलेली) ५ सीएफएममध्ये भागते, एचव्हीएलपी (कमी दाब पण जास्त हवा लागणारी) घेतली तर १० च्या वरही जाते. आता तुमची ५० लिटरची टाकी धरू. टाकीतला दाब ८ बार झाला की मशीन बंद पडते अन् साडेपाचला परत चालू होते असं समजा. मधल्या अडीच बारची हवा झाली १२५ लिटर. ५ सीएफएमची गन मिनिटाला १४० लिटर ओढते. म्हणजे कपाटाचं एक दार पुरं व्हायच्या आधी टाकी उतरली. पुढची सगळी हवा पंपानंच द्यायची, टाकी १०० ची असली तरी.

म्हणून पंपाची खरी हवा विचारा. पाटीवर बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदोपत्री ढकलतो ती हवा, छापलेलं असतं. प्रत्यक्ष बाहेर पडते ती हवा, म्हणजे एफएडी, त्याच्या ६०-७० टक्केच भरते. गनच्या गरजेपेक्षा एफएडी तीसेक टक्के जास्त पाहिजे. चांगला बेल्टवाला पंप एका एचपीला ३ ते ४ सीएफएम देतो, तेव्हा २ एचपीवर ५ ची गन चालेल, एचव्हीएलपीच्या नादी लागू नका.

डायरेक्ट मशीन मला तुमच्यासाठी पटत नाही. ती २८०० फेऱ्यांनी पळते, बेल्टवाली हजाराच्या आतबाहेर. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखाली त्याच्याही वर. तिथं तासन् तास पॉलिश मारायची तर पंपाचं हेड तापून जाईल.

व्होल्टेजचं नीट ऐका. मोटरचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं पडतो. २३० चं १८० झालं की जोर ६० टक्क्यांवर आला. अशा वेळी अनलोडर (मशीन थांबताना पंपावरची दाबलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह) नीट नसेल तर मोटर नुसती गुणगुणते अन् वाइंडिंग जळतं. घेताना मशीन पुरी भरू द्या. बंद पडताना फुस्स आवाज झालाच पाहिजे. तो नाही आला तर घेऊ नका. बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा, मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा सी टाइप एमसीबी लावा, अर्थिंग पक्कं करा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. लांब काम असलं तर वायर न वाढवता हवेचा पाइप वाढवा. अन् संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे माहीत आहे, तर गनचं काम सकाळीच काढा.

जुनी टाकी हायड्रो टेस्टशिवाय (पाणी भरून दाबाची तपासणी) घरात आणू नका. आतलं पाणी बुडाला साचून पत्रा आतून खातं, वरून रंग मारलेला असला की कळत नाही. ८ बारची टाकी फुटली तर शेडमधला माणूस वाचत नाही. बुडाला वेल्डिंगचा टाका दिसला तर तिथूनच परत फिरा. हेड अन् मोटर चांगली असेल तर तेवढीच घ्या, टाकी नवी बसवा.

लातूर_रंगकाम
गनच्या बुडाशी छोटा रेग्युलेटर लावा, अन् प्रेशर ट्रिगर दाबून बघा. नुसतं बघितलं तर काटा खोटा दाखवतो. मी लाकडावर २ बारच्या आसपास ठेवतो.

सेलूचा_सुतार
काका, लई उपकार झाले. बेल्टवालीच बघतो, टाकी नवी. पण पाण्याचं काय करायचं? पावसाळ्यात मेलामाइन पांढरं पडतं म्हणतात.

वाळूज_मेंटेनन्स
पडतं. पंपातून हवा गरम निघते, पुढं गार होते तेव्हा तिच्यातलं पाणी सुटतं. वॉटर सेपरेटर मशीनच्या तोंडाशीच लावला तर गरम हवा पाण्यासकट पार होते. भिंतीवर पाच-सात मीटर जीआय पाइप फिरवा, त्याला शेवटच्या टोकाकडं थोडा उतार द्या, टोकाला ड्रेन कॉक बसवा. गनचं कनेक्शन पाइपाच्या वरच्या बाजूनं काढा अन् सेपरेटर तिथं लावा. पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला वापरू नका, फुटला की त्याच्या कपच्या उडतात. टाकीचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा. झड लागली असेल त्या दिवशी मात्र पॉलिश मारूच नका, खोलीतल्या ओलीला सेपरेटर काही करू शकत नाही.

अन् दादा, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. एकदा दम्यासारखा त्रास सुरू झाला की पुढं थोड्या वासानंही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. ऑरगॅनिक व्हेपरच्या (रसायनाची वाफ अडवणाऱ्या) कार्ट्रिजवर फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टरही बसलेला मास्क घ्या, शेडची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, लेकरांना तिकडं फिरकू देऊ नका. मशीनच्या पैशातच मास्कचे पैसे धरा.

गनचं मॉडेल ठरलं की इथं टाका. एफएडी किती मागायची ते काढून देतो.