खाणगावातले नातेवाईक आणि तिथली दुकानं : तुमचे अनुभव लिहा

परवा बाराएक वर्षांनी राजूर कॉलरीला मामाकडे जाऊन आले. वणीजवळचं राजूर, कोळसा आणि चुनाभट्ट्यांचं. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा भोंगा झाला की मामी घड्याळ न बघताच कुकर चढवायची आणि पेमेंटच्या दिवशी आम्ही मामाच्या मागे मागे बाजारात. किराणावाला मामाला बघून आधी वही काढायचा, मग हसायचा. एकाच दुकानात कोणी तेलुगूत मिरची मागतंय, कोणी भोजपुरीत सत्तू, आणि शेटजी सगळ्यांशी वऱ्हाडी हिंदीत. या वेळी तेच दुकान शोधत गेले. मुलगा बसतो आता, वह्या माळ्यावर आहेत म्हणाला. गमबूट अजून ठेवतो, पण शेतकरी नेतात.

तुम्ही असल्या जुन्या खाणगावात नातेवाईकांकडे गेलात का? तिथल्या दुकानांत काय दिसलं? लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

–०–

आमची मावशी गोव्यात कुडचड्याला, लोहखनिजाच्या खाणींच्या भागात. लाल धुळीमुळे ती कपडे कधी बाहेर वाळत घालायची नाही, पांढरा शर्ट घालून गेलास की हसायची. रस्त्यावर टिप्परची रांगच रांग, नदीत बार्ज, आणि बाजारात दोन दुकानं सोडून एक स्पेअर पार्टचं. 2012 ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, परत 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या आणि सगळं ठप्प. मावसभावाने कर्ज काढून घेतलेला ट्रक किती दिवस अंगणातच, त्यावर मावशीची मांजर झोपायची. एका स्पेअर पार्टवाल्याने अर्ध्या दुकानात मोबाईल कव्हर लावलेली, मागच्या फळीवर फिल्टर आणि ब्रेक लायनर तसेच. विचारलं हे कशाला ठेवलंय, तर म्हणे खाण सुरू झाली की लागतील. धूळ गेली ते बरं झालं असं मी बोलून गेलो, मावशीने ताटात वाढता वाढता असं काही बघितलं की पुढे बोललो नाही.

–०–

केजीएफ! म्हणजे कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स. काका तिथल्या बीईएमएल या सरकारी मशिनरी कारखान्यात होते म्हणून जाणं व्हायचं. सोन्याची खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, त्याआधी चॅम्पियन रीफमधे तीन किलोमीटरच्या वर खोल उतरायचे लोक. 1902 मधे शिवनसमुद्रहून वीज आली होती तिथे! आता गावाभोवती सोनं काढून उरलेल्या सायनाईडवाल्या मातीच्या राखाडी टेकड्या, वारा सुटला की काकू खिडक्या लावत धावायची. रॉबर्टसनपेटच्या बाजारात सगळीकडे तमिळ, माझी कानडी बघून लोकांना गंमत वाटायची. सोन्याच्या गावात सोनं स्वस्त मिळेल म्हणून माझ्या आईने सराफाकडे जे काही घासाघीस केली... भाव बेंगळुरूचाच. शेवटी पावशेर मुरुक्कू घेऊन आलो. सकाळी स्टेशनवर बघा, अर्धं गाव बेंगळुरूला कामाला निघालेलं असतं.

–०–

जरा लांबचा अनुभव, चालेल ना? लेक टूसॉनला असते, अॅरिझोनात. सासूबाईंना (वय 74) घेऊन आम्ही बिस्बीला गेलो, तांब्याच्या खाणीचं डोंगरातलं गाव, मोठी खाण 1975 ला बंद. त्या जुन्या कॉपर क्वीन खाणीत टुरिस्टना हेल्मेट, दिवा देऊन छोट्या रेल्वेवर घोड्यासारखं बसवून आत नेतात, आत वर्षभर आठ-नऊ डिग्री, सासूबाईंनी साडीवर स्वेटर आणि त्यावर पिवळं जॅकेट. आमचा गाईड स्वतः आधी खाणीत काम केलेला. नंतर मेन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं, निळे खडे (बिस्बी ब्लू म्हणतात, खाणीत तांब्याबरोबर निघायचे आणि कामगार जेवणाच्या डब्यातून घरी आणायचे म्हणे). हे ऐकल्यावर सासूबाईंचा रसच वाढला. कारण त्यांचे वडील तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर होते, आणि तेही डब्यातून चमकणारे काळे दगड आणायचे मुलांना खेळायला! मग एका दुकानात जुना पत्र्याचा खाणकामगाराचा डबा दिसला, किंमत 60 डॉलर. हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, झाकण लावून बघितलं, काढून बघितलं. दुकानदार बाईला मराठीतच म्हणाल्या, "अगं, आमच्या बाबांचा याहून चांगला होता, मोडीत दिला मी." घेतला नाही. खडाही नाही घेतला. पण गाडीत बसल्यावर तासभर वडिलांच्या त्या चिखला गावच्या खाणीबद्दल बोलत होत्या, जे आम्ही तीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

–०–

राजूरवाल्या ताई, त्या माळ्यावरच्या वह्या बघायला मिळाल्या तर बघा ना. आमचे आजोबा 1973 च्या आधी, खाणी सरकारी व्हायच्या अगोदर तिथे होते. उधारी राहिलेली असणार नक्की.