संध्याकाळच्या गोड खाऊला पर्याय सुचवा (पावसाळा, ओव्हन नाही)

सांजवेळ, फोंडा
वय ७ आणि ११. शाळेतून आल्यावर क्रीमची बिस्किटं, कपकेक, नाहीतर चॉकलेट. हे थांबवायचं आहे. अटी अशा: ओव्हन नाही, संध्याकाळी फार तर २० मिनिटं हाताशी, आणि पावसात घरातलं सगळं सादळतं. घरात साखरेचा आजार असलेले आजोबाही आहेत, त्यांना चालेल असं काही असेल तर फारच बरं. फक्त 'फळं द्या' एवढंच सांगू नका, ती देऊन झाली, अर्ध्या तासात पुन्हा भूक लागते.

माडाची_सावली
खजूर, बदाम आणि मधाचे लाडू करून ठेवा. साखर अजिबात लागत नाही.

भिरंड
लाडू पौष्टिक आहेत, पण ते साखरेला पर्याय नाहीत. सुक्या खजुराच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते, आणि मध, गूळ शरीराला साखरेसारखेच. जिभेची गोडाची सवय तशीच राहते. आठवड्यातून एखादा लाडू खुशाल द्या, रोजचा खाऊ म्हणून नको. फळांवर भूक भागत नाही, कारण त्यांत प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. केळ्याबरोबर मूठभर शेंगदाणे दिले की तेच केळं टिकतं.

बिस्किटांच्या पाकिटामागे १०० ग्रॅममागची साखर छापलेली असते. त्या आकड्याला ४ ने भागा, तेवढे चहाचे चमचे साखर त्या १०० ग्रॅममध्ये आहे. घटकांच्या यादीत इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही नावं दिसली तर तीही साखरच समजा.

नाचणी_ते_नाश्ता
तुमच्या अटींत सगळ्यांत चपखल बसतो तो भाजक्या चुरमुऱ्यांचा चिवडा. रविवारी केला की आठवडाभर पुरतो, फक्त सादळू नये म्हणून थोडं जपावं लागतं.

चुरमुरे १०० ग्रॅम, फुटाणे १०० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, कढीपत्त्याची २० पानं, हळद पाव चमचा, बारीक मीठ पाऊण चमचा.

आधी चुरमुरे कोरडेच मंद आचेवर ६-७ मिनिटं परता. एक दाणा बोटांत धरून दाबा. चुरा झाला तर झाले, चपटा झाला तर आत अजून ओल आहे. ते ताटात पसरून ठेवा. त्याच कढईत तेल घालून शेंगदाणे मंद आचेवर ७-८ मिनिटं भाजा, मग पुसून कोरडा केलेला कढीपत्ता टाका. पानं वाजेपर्यंत थांबा. ओला कढीपत्ता हेच चिवडा मऊ पडण्याचं एक मोठं कारण आहे. आता गॅस बंद करून हळद आणि मीठ तेलात मिसळा (गॅस चालू असताना हळद करपते आणि कडवट लागते). मग फुटाणे, चुरमुरे घालून हलवा. मीठ वरून भुरभुरलं तर डब्याच्या तळाशी जाऊन बसतं, तेलात मिसळलं की दाण्याला चिकटतं.

पूर्ण थंड होईपर्यंत, निदान ४५ मिनिटं, झाकण लावू नका. कोमट असतानाच झाकलं की वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन खाली उतरते. एका मोठ्या डब्यापेक्षा चार छोट्या बरण्या बऱ्या. एक उघडायची, ती संपली की दुसरी. अर्धा रिकामा डबा रोज उघडला की दरवेळी नवी दमट हवा आत जाते. तरीही मऊ पडलाच तर तव्यावर ३ मिनिटं परता, पुन्हा कुरकुरीत होतो.

भिरंड
यात फुटाणे-शेंगदाणे भरपूर आहेत म्हणूनच पोट भरतं. नुसते चुरमुरे दिले तर तासाभरात बिस्किटांकडे हात जाणारच. दोन्ही मुलांना चावून खायला सांगा. पाच वर्षांखालचं मूल घरी येत असेल तर अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

माडाची_सावली
गोडाऐवजी नाही, पण गरम खायचं असेल तर आळसांदे (गोव्याकडची चवळी). रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला ३ शिट्या. संध्याकाळी मोहरी-हिंगाची फोडणी, ओलं खोबरं, लिंबू. पोदेराकडून (पाववाल्याकडून) आणलेली पोळी, म्हणजे कोंडा लावलेला पोकळ पाव, अर्धी कापून तिच्या पोकळीत भरली की मुलं हातात धरून खातात. आळसांदे अगदी कोरडे निथळून घ्या, नाहीतर पोळी ओली होऊन फाटते. आणि पोळी घेताना मोडून आत बघा. कोंडा बऱ्याचदा फक्त वरून लावलेला असतो, आत मैदाच.

नाचणी_ते_नाश्ता
आणि आपलं तिझन, म्हणजे नाचणीची पेज. मोठे ४ चमचे नाचणीचं पीठ पाव कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, ते दीड कप उकळत्या पाण्यात ओतून ७-८ मिनिटं ढवळत शिजवा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच शिजतो आणि आत कोरडं पीठ अडकून गाठी होतात. गुळाऐवजी मीठ घाला, शेवटी अर्धा कप नारळाचा पातळ रस (नारळाचं दूध). गोडच हवं असेल तर गॅस बंद केल्यावर पिकलेलं केळं अर्धं कुस्करून घाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयडे गावची केळी मिळतात, ती यासाठी छान. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, वाढत्या वयात ते मोलाचं.

सांजवेळ
फार उपयोगी. आजोबांना तिझन चालेल का?

भिरंड
रोज नको. पिठाची पातळ पेज लवकर पचते आणि साखर पटकन चढू शकते. नाचणी म्हणून तिला सूट नाही. त्यांना फुटाणे आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा, किंवा वाटीभर आळसांदे द्या. उकडलेलं रताळं चालतं, पण १०० ग्रॅमच्या आत, आणि तेवढा भात रात्री कमी करून. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर संध्याकाळचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

तहानेला बाटलीतलं सरबत देऊ नका. ६ आमसुलं २ पेले पाण्यात २० मिनिटं भिजवा, चिमूट मीठ आणि जिरेपूड घाला. सुरुवातीला मुलांना आंबट लागलं तर अर्धा चमचा साखर घाला, आणि दर चार दिवसांनी थोडी कमी करत जा.

सांजवेळ
तिझन सकाळी करून ठेवलं तर?

नाचणी_ते_नाश्ता
घट्ट होतं, पण चालतं. रस न घालता फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी अर्धा कप पाणी घालून नीट उकळा, खाली उतरवून मग नारळाचा रस. रस घालून उकळलं की फुटतो.