आयएल-६ भरमसाट, सीआरपी नॉर्मल. एलायझाचा आकडा खरा धरायचा का?

रंकाळाकाठ:
नमस्कार. मी कोल्हापुरात पीएचडी करते, विषय आमवाताच्या (आरए) रुग्णांमधला आयएल-६, म्हणजे रक्तातलं दाह वाढवणारं एक प्रथिन. परवा ते मोजायच्या नव्या एलायझा किटची (अँटीबॉडीनं प्रथिन पकडून रंगावरून मोजायचं) पहिली प्लेट लावली. ९६ पैकी १६ वेल (खळगे) स्टँडर्डला, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांना, उरलेल्या ८० मध्ये ४० नमुने डुप्लिकेटमध्ये. स्टँडर्ड कर्व्ह सुरेख आला. टीएमबी (रंग आणणारं द्रव्य) घातल्यावर बाकीचे नमुने जेमतेम निळसर, पण १७ नंबरचे दोन्ही वेल दोन मिनिटांत दौतीतल्या शाईसारखे झाले. स्टॉप सोल्यूशन घालून ४५० नॅनोमीटरला वाचलं, तर ८४ पिकोग्रॅम प्रति मिली! हा नमुना ज्या मावशींचा, त्यांचा सीआरपी (दाह दाखवणारं दुसरं प्रथिन) मात्र २ मिलिग्रॅम प्रति लिटर. आयएल-६ वाढला की यकृत सीआरपी बनवतं, मग हे कसं?

मावशी कागलकडच्या, भांगलणीला जातात. सकाळी तासभर मूठ मिटत नाही म्हणाल्या. गाइड म्हणतात, आउटलायर म्हणून काढून टाक. मला ते पटत नाही. त्यांनी उपाशीपोटी एसटीनं येऊन रक्त दिलंय.

पिपेटदादा:
सीरम वेगळं करायला किती वेळ गेला? रक्त तसंच राहिलं तर पेशी ट्यूबमध्येच सायटोकाइन (आयएल-६ सारखी प्रथिनं) सोडत बसतात. एप्रिलच्या उकाड्यात तर बघायलाच नको.

रंकाळाकाठ:
दादा, रक्त आमच्याकडंच काढलं. अर्ध्या तासात गोठलं, लगेच सेंट्रिफ्यूज करून उणे ८० ला ठेवलं. एकदाच वितळवलंय.

सांधेवाला:
टोसिलिझुमॅब हे औषध चालू आहे का विचारा. ते आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं. मग आयएल-६ वापरला न जाता रक्तात साठतो आणि सीआरपी खाली येतो. अगदी तुमच्यासारखंच चित्र दिसतं.

रंकाळाकाठ:
नाही सर, फक्त मेथोट्रेक्सेट. फाइल पुन्हा पाहिली.

बावड्याची ताई:
अगं, मग आरएफ (र्‍हुमॅटॉइड फॅक्टर, आरएच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात असणारी अँटीबॉडी) बघ! बावीस वर्षं प्लेटा लावतेय, आरएच्या सीरमनं मला दोनदा असंच फसवलंय. सँडविचमध्ये खाली एक अँटीबॉडी, वर दुसरी, मधे आयएल-६ असायला हवा. र्‍हुमॅटॉइड फॅक्टर आयजीजीच्या (किटच्या अँटीबॉडी याच जातीच्या) शेपटीलाच चिकटतो, त्यामुळं मधे काही नसतानाही तो दोन्हींना जोडतो. वॉशमध्ये निघत नाही आणि रंग मात्र येतो.

किटच्याच डायल्युएंटमध्ये दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून लाव. आयएल-६ खरा असेल तर गुणून आकडा ८४ च्या आसपासच राहील. किटच्या अँटीबॉडी उंदराच्या असतील तर एका भागात उंदराचं आयजीजी घालून अर्धा तास ठेव, मग लाव. आणि नमुना काढून टाकायचा नाही, बाई. कारण शोधायचं आणि थीसिसमध्ये लिहायचं.

रंकाळाकाठ:
ताई, आज लावलं. दुप्पटला गुणून ४६, चौपटला २२, आठपटला वाचण्याजोगं काही उरलंच नाही. आयजीजी घातलेल्या भागात सरळ ५! आरएफ भरपूर पॉझिटिव्ह निघाला. गाइडना दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून दाखवल्या, ते बराच वेळ बघत राहिले.

बाकीच्या ३९ फाइली काढल्या, त्यात नऊ जणांचा आरएफ चढा आहे. त्यांचे आकडे दिसायला अगदी साधे आहेत, आणि मी ते बिनदिक्कत खरे धरले होते. उद्या त्या नऊंचं डायल्यूशन लावते.