साइट सोडून डिझाइन ऑफिस धरू का? शनिवारपर्यंत सांगायचंय

कळंबेकर_स्थापत्य
नमस्कार. सध्या बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. राजारामपुरीतल्या एका ऑफिसातून बोलावणं आलंय, पगार तिथं कमी. घरचे म्हणतात ऑफिस घे, ऊन-पाऊस तरी चुकेल. साइटवरचे सर म्हणतात, एकदा गेलीस की परत साइटवर कोण घेत नाही. दोन्हीचे फायदे-तोटे वाचून कंटाळा आलाय, तसलं नको. जाऊ का नको, एवढंच सांगा.

ओळंबा
डिप्लोमा की डिग्री? अनुभव किती? साइट बिल्डिंगची की रस्त्याची? ऑफिस आर्किटेक्टचं की सळई-काँक्रीटचं डिझाइन करणाऱ्या स्ट्रक्चरलवाल्यांचं? पेशंट न बघता औषध कसं सांगणार?

काका_सेंट्रिंगवाले
साइट सोडू नको पोरी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड उभी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, मी सांगतो. ऑफिसवाले कॉलम-बीमच्या सांध्यात एवढी सळई दाखवतात की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडल आत शिरत नाही. फळ्या काढल्यावर हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधली भोकं, दिसली की शिव्या साइटला.

जेई_२०२६
दोन्ही सोडा आणि परीक्षेला बसा. पीडब्ल्यूडी, जलसंपदा, जिल्हा परिषद, कुठंही जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, लागलात तर आयुष्य मार्गी. त्याला डिप्लोमाही चालतो. डिग्री असेल तर एमपीएससीची स्थापत्य सेवासुद्धा देता येते. मी अभ्यासिकेत आहे, नोट्स हव्या असतील तर सांगा.

कळंबेकर_स्थापत्य
परीक्षेचं विचारलेलं नाही. डिग्री आहे. साइट उचगावला, पार्किंगवर सात मजले. पायाच्या फुटिंगपासून मीच बघतेय, आता तिसऱ्या स्लॅबची सळई बांधून होत आलीय. ऑफिस स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं.

रेवा_आरसीसी
आता जरा बोलता येईल. मी आधी साइट केली, मग डिझाइनला आले. साइटवर जे बघितलं ते रोज उपयोगी पडतं. बाल्कनीचंच घे. कँटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूनं धरलेली, असेल तर मुख्य सळई वरच्या थरात. काँक्रीट टाकताना पाट्या घेऊन माणसं त्यावरूनच ये-जा करतात. खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे आधार, नसतील तर सळई दबून तळाला जाते, आणि तळाला गेली की काँक्रीट कितीही भारी असो, बाल्कनीला आधार उरत नाही. ऑफिसात ही सळई म्हणजे स्क्रीनवरची एक रेघ. ज्याने ती पायाखाली वाकताना बघितलीय, तो ड्रॉइंगवर चेअरचं अंतर लिहायला विसरत नाही. एक इमारत पायापासून वरपर्यंत बघ आणि मग जा.

फुलेवाडीकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या घराचा स्लॅब टाकून आठवडा झाला. मिस्त्री म्हणतोय टेकू काढूया. काढू का?

काका_सेंट्रिंगवाले
२१ दिवस हात लावू नका.

ओळंबा
काका, सरसकट २१ नाही. काँक्रीटचं मानक आयएस ४५६:२००० मध्ये स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढं २१.

रेवा_आरसीसी
हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे, तेही क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, नीट झालं असेल तर. दुकानात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, मिळतं, त्याला ताकद यायला जास्त वेळ लागतो. फुलेवाडीकर, गोणीवर काय लिहिलंय ते बघा, आणि ज्यांनी डिझाइन केलंय त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

काका_सेंट्रिंगवाले
म्हणजे २१ च की. हेच म्हणत होतो.

कळंबेकर_स्थापत्य
माझ्या प्रश्नाकडं याल का? आणि ऊन-पावसाचं मला काही नाही, ते घरच्यांचं. साइटवर बायकांसाठी बाथरूम नाही. समोरच्या घरी विचारून जावं लागतं. पाणी कमी पिते म्हणून डोकं दुखतं. दोनदा बोलले, "बघूया" म्हणाले.

काका_सेंट्रिंगवाले
म्हणूनच पोरींना ऑफिस बरं.

रेवा_आरसीसी
काका, आधी "सोडू नको" म्हणालात. तिनं काम सोडायचं की त्यांनी बाथरूम बांधायचं? बांधकाम कामगारांसाठी कायदा आहे. साइटवर शौचालय देणं मालकाचं काम आहे. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकासुद्धा तिथंच असतात, त्यांचं कोण बोलणार? कळंबेकर, तोंडी नको, लेखी दे. व्हॉट्सअ‍ॅपवर तरी टाक, तारीख राहते.

ओळंबा
कळंबेकर, ऑफिसात तुला करायचं काय आहे? नुसतं ऑटोकॅडवर दुसऱ्याची ड्रॉइंग काढायची असतील तर जाऊ नको. इमारतीवर येणारा लोड काढणं, बीमचं गणित हातानं सोडवून सॉफ्टवेअरशी ताडणं हे कुणी शिकवणार असेल तर पगार कमी असला तरी जा. शनिवारची वाट बघू नको, आजच फोन कर.

कळंबेकर_स्थापत्य
केला फोन. सुरुवातीला ड्राफ्टिंग, पण मॅडम शेजारी बसवून डिझाइन शिकवणार. शिवाय त्यांच्या कामांवर स्लॅब भरायच्या आधी सळई तपासायला मलाच पाठवणार म्हणाल्या. सातवा मजला होईपर्यंत मात्र थांबणार नाहीत. हो सांगतेय. बाथरूमचं लेखी आज दिलं, गवंड्यांच्या हाताखालच्या दोघींनीही अंगठे दिले.

काका_सेंट्रिंगवाले
जा. तिसऱ्या स्लॅबच्या बाल्कनीखाली चेअर घातल्यात का तेवढं बघून जा.