यंदा होळीत नारळ टाकायचे नाहीत (पूर्ण वाचा, मग बोला)

प्रेषक: शुभांगी

मंडळी,
काल निरंजनकडे बसून जे ठरलं ते लिहितेय. जागा तीच, मुलुंडची. वेळ साडेसात, गाड्या आत घ्यायच्या नाहीत. आणि यंदा कोणीही होळीत नारळ टाकायचा नाही. आणलात तर टोपली ठेवलेली असेल तिच्यात ठेवा, फोडून प्रसाद वाटू. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, परत लिहीत बसत नाही. नारळ फुटून नीलिमाताईंची साडी गेली ती गेली, हात थोडक्यात वाचला.
पोळ्यांचा आकडा माधवीला कळवा. मला नको.

प्रेषक: विनायक

> यंदा कोणीही होळीत नारळ टाकायचा नाही

हे कोणी ठरवलं? बसून म्हणजे नक्की किती जण बसले होते? मी लिस्टवर आहे, फोनवर आहे, ठाण्यात राहतो, मुलुंडपासून वीस मिनिटं. मला कोणी विचारलं नाही.
नारळाशिवाय होळी म्हणजे नुसता कचरा जाळणं. आमच्याकडे चिपळूणला माणूस मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून येतो तो होळीला नारळ द्यायला. नवस असतात लोकांचे. नवीन लग्न झालेलं जोडपं असतं, बाळ झालेलं असतं. आणि पोरं तेच नारळ आगीतून काढतात आणि खातात, त्या भाजक्या खोबऱ्याची चव ज्याला माहितीये त्याला माहितीये. आजवर कोणाचा हात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

प्रेषक: माधवी

आतापर्यंत आकडा ६४ पोळ्या. ज्यांनी "बघू" लिहिलंय त्यांना मी शून्य धरलंय. कटाची आमटी आम्हीच करतोय, पण दूध-तूप ज्याचं त्याने आणायचं. गेल्या वर्षी तूप कमी पडलं आणि बोलणी मी खाल्ली.

प्रेषक: दीपक

नमस्कार, तिकडची लिस्ट वाचत असतो, इकडून दोन शब्द.
आम्ही अजून इथे परदेशातच असल्यामुळे सांगतो, इकडे मंडळाची होळी फायर डिपार्टमेंटला कळवल्याशिवाय होतच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, त्यात चार लाकडं, बाजूला एक्स्टिंग्विशर घेऊन एक माणूस उभा, मुलं दोरीच्या मागे. नारळ वगैरे प्रश्नच नाही. तुम्ही सगळ्यांनी हे इथे इतकी वर्षं केलंय, मुंबईला परत गेल्यावर एकदम विसरायला होतं का?

प्रेषक: विनायक

दीपकराव, विसरलो नाहीये. होळी पौर्णिमेला नाही, हॉल मिळेल त्या शनिवारी. ट्रेमधली आग बघून माझ्या मुलाने विचारलं होतं, बाबा, बर्गर कधी ठेवायचे? एका वर्षी तर बर्फात पेटवली, कापूर संपला तरी लाकूड पेटेना, शेवटी तूच गाडीतून कसलासा स्टार्टर आणून ओतलास. ते सुरक्षित होतं का?
परत आलो ते ट्रेमधली होळी बघायला नाही.

प्रेषक: निरंजन

सगळ्यांना,
जागा माझ्या सोसायटीची, सही माझी, म्हणून मी लिहितो. विनायक, काल तू नव्हतास कारण आम्ही भेटलो ते दुसऱ्याच कामासाठी, विषय निघाला म्हणून बोललो. राग मानू नकोस.
मागचं मैदान मैदान राहिलेलं नाही, निम्म्या भागात पेव्हर ब्लॉक बसलेत आणि गॅसची पाइपलाइन कंपाउंडच्या कडेने गेलीय. त्यामुळे होळी मधोमध, मातीत, खाली विटांचा थर आणि वर रेती. कमिटीने अडीच फुटांपेक्षा उंच नको म्हणून सांगितलंय आणि वर बघा, पर्जन्यवृक्षाची फांदी आहे. ज्वाळा वर गेली तर ती होरपळणार, आणि झाडाला काही झालं तर कमिटी मला सोडणार नाही.
लाकूड: झाड किंवा फांदी कोणी तोडून आणायची नाही. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिका दर होळीला सांगते, १००० ते ५००० दंड आणि आठवड्यापासून वर्षापर्यंत कैद. एरंडाची फांदी मधे लागते ती फूलवाल्याकडून घेतोय. बाकी गोवऱ्या आणि सुतारकामातला चिरफळ्यांचा ढीग आहे, पण त्यातला प्लायवूड आणि पॉलिश केलेलं वेगळं काढायचं, त्याचा धूर वाईट. हे काम रविवारी सकाळी आहे, कोणी येतंय का? (मागच्या वेळी मी आणि वॉचमन दोघंच होतो.)

प्रेषक: अण्णा

चि. विनायक व शुभांगी,
दोघांचंही बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, मी काही पुढारी नाही. पण नारळ का टाकतात ते आधी पाहा. होलिका आणि प्रल्हादाची गोष्ट सर्वांना पाठ आहे, पण आपल्याकडे आणखी एक आहे, ढुंढा राक्षसीची. भविष्यपुराणातली. ती लहान मुलांना त्रास द्यायची, आणि तिला पळवायचा उपाय काय, तर लाकडं-गोवऱ्या पेटवा, आरडाओरडा करा, तोंडाला येईल ते बोला. आपली बोंब तिथली आहे. म्हणजे हा सण मुळात मुलांना वाचवण्याचा, आणि त्यात मुलंच भाजली तर ढुंढा जिंकली म्हणायची.
नारळ हा बळीच्या जागी आलाय असं मानतात. तो अखंडच पाहिजे असं माझ्या वाचनात कुठे नाही, पण पद्धत तशी आहे आणि पद्धतीला वजन असतं. माझी आई तर पोळीच वाहायची, नारळ नाही. होळीच्या निखाऱ्यावर दुसऱ्या दिवशी पाणी तापवून आम्हा पोरांना अंघोळ, म्हणजे म्हणे ऊन बाधत नाही. गिरगावात चाळीच्या चौकात अख्ख्या चाळीचे बंब त्या निखाऱ्यांवर भरत. ते आता कोण करतंय.
जाता जाता, रंग पंचमीला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी धूळवड, म्हणजे राख आणि माती. नाशिकला अजून पंचमीलाच रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारतात. तुम्ही लोक रंग कधी खेळणार आहात ते स्पष्ट करा.

प्रेषक: माधवी

अण्णा, पोळी आगीत टाकायची असेल तर ६४ मध्ये ती धरलेली नाही. आणि माझं मत विचाराल तर एक छोटी नैवेद्याची वाहावी, बाकीच्या रस्त्यापलीकडे बांधकामावर जी कुटुंबं राहतात तिथे द्याव्यात. अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कधीपासून सांगतायत, होळी लहान करा, पोळी दान करा. मी अंनिसची नाही पण पुरण वाटायला किती वेळ लागतो ते मला माहितीये.

प्रेषक: विनायक

पोळीचं मान्य. माझा प्रश्न नारळाचा आहे, पोळीत नेऊ नका.

प्रेषक: स्मिता

मी मधे पडणार नव्हते, पण विनायकने "कोणाचा हात गेल्याचं ऐकलेलं नाही" लिहिलंय म्हणून. मी ऐकलंय, दर वर्षी बघते.
नारळ का फुटतो ते साधं आहे. आतलं पाणी उकळतं, वाफेला जायला वाट नाही, करवंटी फुटते आणि सोबत निखारा उडवते. तुमच्या गावच्या होळीत तो नारळ पुरुषभर उंच ज्वाळेत पार आत जातो, त्याच्यावर लाकडं असतात आणि माणसं त्या धगीने आपोआप पंधरा-वीस फुटांवर असतात. जवळ जाताच येत नाही! आपण काय केलं? झाडं वाचवायला होळी गुडघ्याएवढी केली, चांगलंच केलं, पण नारळ घरटी एक तो एकच राहिला. मागच्या वर्षी मी मोजले, तेवीस. अडीच फुटांच्या होळीवर तेवीस नारळ, म्हणजे ते आत नव्हतेच, वर रचलेले होते, आणि धग कमी म्हणून लोक चार फुटांवर मोबाइल धरून उभे. नीलिमाताई पुढे होत्या कारण पुढे उभं राहणं शक्य होतं.
साडी सिंथेटिक होती हे दुसरं. ती नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. या वर्षी सुती घालून या, ओढणी-पदर खोचून. आणि भाजलंच तर नळाखाली वीस मिनिटं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, मागच्या वेळी तीन जण तीन गोष्टी घेऊन धावत आले होते.
आता मुख्य. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की होळी पेटली की मुलांनी भोवतीने गुलाल उधळायचा, व्हिडिओ छान येतो, "कॉर्नफ्लॉवरचाच आहे, सेफ आहे". कातडीला सेफ असेल. पीठ बारीक असेल आणि हवेत ढग झाला तर ते भडकन पेट घेतं. तैवानमध्ये जून २०१५ ला एका वॉटर पार्कमधे रंगीत पिठाचा असाच भडका झाला, १५ माणसं गेली, जवळपास पाचशे भाजली. आगीच्या आसपास कसलीही पूड उडवायची नाही. हे नारळापेक्षा महत्त्वाचं आहे आणि याच्यावर मात्र कोणी भांडत नाहीये.

प्रेषक: प्राजक्ता

ते मी टाकलं होतं. काढते. पण मग रंगांचं काय, मुलं विचारतायत.

प्रेषक: स्मिता

रंग दुसऱ्या दिवशी, उजेडात, आग नसताना. सुटा रंग रस्त्यावरून घेऊ नकोस, पाकिटावर "हर्बल" छापायला काही लागत नाही. २०१२ ला धारावीतली शंभराहून जास्त मुलं रंग खेळून सायन हॉस्पिटलला आली होती, एक मुलगा गेला. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात सुकी पळसफुलं मिळतात, रात्री भिजत घाल, सकाळी एक उकळी काढ, गाळ, केशरी पाणी तयार. डाग जातो. आधी अंगाला खोबरेल लावून खेळायला पाठव.

प्रेषक: अण्णा

म्हणजे पंचमीला नाही. ठीक आहे.

प्रेषक: शुभांगी

विनायक, फोन उचलत नाहीस म्हणून इथेच. गेली नऊ वर्षं होळीचं मी बघते. मला पद्धत मोडायची हौस नाही. तिकडे असताना त्या ट्रेत सुद्धा एक सुपारी मीच टाकायचे, नारळाऐवजी, आठवत असेल तर. पण नीलिमाताईंच्या सुनेचा मला त्या रात्री साडेअकराला जो फोन आला तो तुला आला नव्हता.

प्रेषक: विनायक

सुपारीचं आठवतंय.
स्मिताचं गुडघ्याएवढ्या होळीचं वाचलं, आणि खरं सांगतो, तेवीस हा आकडा मला ठाऊक नव्हता. गावात होम केवढा असतो ते डोक्यात धरून मी बोलत होतो. पण शून्यावर मी यायला तयार नाही. मधला रस्ता: एकच नारळ, सगळ्यांच्या वतीने, मानाचा. बाकीचे बाजूला दगडावर फोडा, पाणी होळीभोवती फिरवा, भकलं वाटा. तो एक मी सोलून, शेंडी ठेवून, डोळ्यातून आरपार भोक पाडून पाणी काढून आणतो. वाफ धरणारच नाही मग. पेटवायच्या आधीच तळाशी गोवऱ्यांत खोचून ठेवू, फेकाफेकी नाही. काढायचा तो रात्री विझत आल्यावर, चिमट्याने, मी काढणार, पोरं नाहीत.
आणि गाऱ्हाणं मी घालणार. "होय महाराजा" म्हणायला सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, मागच्या वेळी तोंडातल्या तोंडात म्हणत होते.

प्रेषक: अनिरुद्ध

भोक पाडलेला नारळ देवाला चालतो का? अशुभ ना?

प्रेषक: अण्णा

अनिरुद्ध, घरी वाटी करून नैवेद्य दाखवतोस तेव्हा तो काय अखंड असतो? चालतो. पाणी काढताना ते सांडू नका, तेच होळीला अर्घ्य म्हणून द्या, म्हणजे कोणाच्या मनात राहणार नाही.

प्रेषक: दीपक

एक्स्टिंग्विशरचं कोणी बोललं नाही.

प्रेषक: निरंजन

दीपक, सोसायटीचा आहे, मुदतीतला आहे, काल बघितला. शिवाय दोन बादल्या पाणी, दोन रेती, बागेचा पाइप नळाला जोडून. रॉकेल-सॅनिटायझर काही ओतायचं नाही, कापूर आणि सुकं गवत पुरतं. जाताना सगळं विझवून राख थंड झाली की मगच मी झोपणार, माझ्यासोबत कोण थांबतंय ते कळवा. रविवारच्या चिरफळ्या निवडायला अजून एकही नाव आलेलं नाही.

प्रेषक: शुभांगी

एक नारळ. मान्य. दोरी दहा फुटांवर बांधेन आणि तिच्या आत विनायक आणि निरंजन सोडून कोणी नाही, फोटोलासुद्धा नाही. टोपलीचं तसंच राहील.
वरचा विषय बदलून पाठवते, लोक पहिलंच वाचून नारळ घरी ठेवतील.

प्रेषक: माधवी

आकडा ८१. "बघू" वाले अचानक आले.

प्रेषक: विनायक

रविवारी मी येतो, दहाला. बायको पण येईल. तो लांब दांड्याचा चिमटा कोणाकडे राहिलाय? मागच्या वर्षी शेवटी कोणी नेला?

प्रेषक: नीलिमा

माझ्याकडे आहे. मंडळाचा नाहीये तो, माझा आहे, तंदूरचा. आणेन, पण परत हवा. आणि मी यंदा सुती नेसून पुढेच उभी राहणार आहे, दोरीला लागून, कोणी मागे ढकलू नये.